ताटात काय उरलं

मॅडमची आणि माझी पहिली ओळख झाली ती माझ्या उष्ट्या ताटामुळे. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या तासिका तत्त्वावरील जागेसाठी मी गोंदियाहून मुलाखतीला आलो होतो. मुलाखत लांबली, जेवणाची वेळ टळून गेली, तेव्हा शिपायाने मला आवारातल्या मेसमध्ये नेऊन बसवले. भात, लाखोळीची डाळ आणि तोंडल्याची भाजी होती. तोंडली मला लहानपणापासून आवडत नाहीत. ती ताटाच्या कडेला सारून मी उठलो आणि ताट ठेवायला गेलो, तर तिथे एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, चष्मा कपाळावर चढवलेला. येणाऱ्या प्रत्येक ताटात त्या डोकावून पाहत होत्या. मला वाटले, मेस चालवणाऱ्या असतील. कोणी विचारले नसतानाच मी म्हणालो, "जेवण फार छान होतं." त्यांनी आधी ताटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "सर, तोंडली तर सगळीच्या सगळी राहिली," त्या म्हणाल्या.

मी परत जाऊन बसलो आणि ती तोंडली खाल्ली. मी मुळातच सावकाश जेवणारा, त्यात नावडती भाजी. मेस रिकामी होत गेली. तेव्हा त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, ताटलीत चिमूटभर भात घेतला आणि माझे होईपर्यंत तो चिवडत राहिल्या. त्यांचे जेवण केव्हाच झाले होते, हे मला नंतर कळले. पंगतीत शेवटच्या माणसाचे होईपर्यंत वडीलधाऱ्याने उठू नये, ही त्यांच्या माहेरची रीत. ती त्यांनी मेसमध्ये, एका परक्या माणसासाठी पाळली. माझे कान त्या दिवशी लाजेने गरम झाले होते. मॅडमविषयी लिहायला बसलो की ते अजूनही गरम होतात, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. या गौरवग्रंथातले इतर लेख अधिक प्रसन्न असतील, वाचकांनी तिकडे जरूर वळावे.

आदरणीय डॉ. इंदुमती रहांगडाले मॅडम या वर्षी साठ वर्षे पूर्ण करून सेवानिवृत्त होत आहेत. त्या गृहअर्थशास्त्र शिकवतात. हा विषय आमच्या स्टाफरूममध्ये कधी गंभीरपणे घेतला गेला नाही. "स्वयंपाकवाल्या मॅडम" असे त्यांच्या मागे म्हटले जाई, आणि कार्यक्रमाला पाहुणे आले की चहा-नाश्त्याची जबाबदारी आपोआप त्यांच्याकडे जाई. मॅडमनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. मेसची देखरेखही त्यांच्याकडेच होती. मेसमधल्या त्या ताटांबद्दल मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी सहज सांगितले, "मुलींना विचारलं की सगळ्या छानच म्हणतात. खरं काय ते ताटात उरलेलं असतं. म्हणून मी ताट पाहते." पुढे त्यांनी आणि मी मिळून जे काम केले, त्याचे मूळ या एवढ्या बोलण्यात आहे. त्या कामातून उभा राहिलेला एक तास गेली काही वर्षे आम्ही दोघे मिळून घेतो, आणि पुढच्या सत्रापासून तो मला एकट्याला घ्यायचा आहे. मला तो जमेल की नाही, हे मला ठाऊक नाही. हा लेख लिहिताना ती एकच धास्ती मनात आहे.

काम असे होते. नवे शैक्षणिक धोरण आले, तसे "जोडून शिकणे" हे शब्द प्रत्येक बैठकीत ऐकू येऊ लागले. विद्यार्थी एका विषयात शिकलेले दुसऱ्या विषयाशी जोडतात का, घरच्या जगण्याशी जोडतात का, आणि मुख्य म्हणजे तसे त्यांना स्वतःला वाटते का, हे मोजून दाखवावे, असे वरून आले. तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांनी हे काम मॅडमकडे दिले आणि आकडेमोडीसाठी मला त्यांच्यासोबत जोडले. प्रश्नावली शहरातून तयार होऊन आलेली होती. "एका विषयात शिकलेले मी दुसऱ्या विषयात वापरतो", "वर्गातील ज्ञान मी दैनंदिन जीवनाशी जोडतो", अशी गुळगुळीत वाक्ये, आणि प्रत्येक वाक्यापुढे "पूर्णपणे सहमत"पासून "पूर्णपणे असहमत"पर्यंतचे चौकोन.

मुलांनी ती प्रश्नावली भराभर भरली. खुणा कशा, तर "पूर्णपणे सहमत"च्या खाली वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ. एकामागून एक कागद उलटत गेलो, तरी तीच रेघ. मी सरासरी काढली, गोंदियाहून रंगीत तक्ता छापून आणला आणि तो सभागृहात टांगला. सगळे आकडे सारखे आले तर मुलांवर खूश होण्याआधी मोजपट्टी तपासावी, हे मी स्वतः वर्गात शिकवतो. पण तक्ता देखणा झाला होता आणि प्राचार्य खूश होते. मॅडम त्या तक्त्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, एवढ्या पोरांत एकालाही तोंडली नावडली नाहीत?"

मला राग आला. आकडे माझे होते, बेरीज बरोबर होती, आणि तोंडल्यांची आठवण काढायची काही गरज नव्हती. पण मॅडम वाद घालत बसत नाहीत, सरळ जाऊन विचारतात. गृहअर्थशास्त्राच्या प्रयोगशाळेत भांडी विसळत असलेल्या भूमेश्वरीला त्यांनी गाठले. ती सालेकशाकडच्या गावातली, स्पष्ट बोलणारी मुलगी. मॅडम वर्गात प्रमाण मराठी बोलतात, पण मुलींशी बोलताना गावच्या बोलीवर येतात.

"काऊन वो भूमेश्वरी, सगळीकडं सहमतच कायले?"

"मंग काय करू मॅडम? तुमी लोकं इतकं शिकवून राहिले, अन् कागदावर नाई मनून लिहाचं? आमच्या इथं जेवाले बसलेला पाहुना भाजी अळणी हाये मनते का?"

मॅडम हसल्या आणि मग त्यांचा चेहरा पडला. त्या मला म्हणाल्या, "सर, वाढणाऱ्यानं विचारलं की एकच उत्तर मिळतं. आपण वाढणारे आहोत. आपण विचारणं बंद करू. ताट पाहू."

त्यानंतर त्यांनी जी पद्धत बसवली, ती कोणत्याही पुस्तकातली नाही. दर शनिवारी मुलांनीच मुलांना कागदाच्या लहान चिठ्ठ्या वाटायच्या, त्या वेळी शिक्षकाने वर्गात थांबायचे नाही. चिठ्ठीवर नाव लिहायचे नाही. प्रश्न एकच, या आठवड्यात एखाद्या तासाला ऐकलेले दुसऱ्या तासाला किंवा घरी आठवले का? आठवले असेल तर कोणते, ते एका ओळीत लिहायचे. नसेल तर कोरी चिठ्ठी मेसच्या रिकाम्या डब्यात टाकायची. सहमत-असहमत काही नाही, त्यामुळे कोणाचे मन राखायचाही प्रश्न नव्हता. पहिल्या शनिवारी डबा उघडला, तर चिठ्ठ्या बहुतेक कोऱ्या. लिहिलेल्यांपैकी कोणी भूगोलाचे नाव घेतले होते, कोणी मराठीचे, कोणी राज्यशास्त्राचे. संख्याशास्त्राचे नाव एकाही चिठ्ठीत नव्हते. पुढच्या शनिवारी नव्हते. त्याच्या पुढच्याही नव्हते.

मी मग शास्त्राची ढाल पुढे केली. मॅडमना म्हटले, कोऱ्या कागदाला शून्य धरता येत नाही. कोरे म्हणजे माहिती मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुले आळशी असतील, घाईत असतील. मॅडमनी ते मनापासून ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे सर. मग कोरं कशामुळे, ते जाऊन पाहू."

दिवस रोवणीचे होते. वर्ग ओस पडलेले, मुले आपापल्या शिवारात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे लावायला गेलेली. मॅडम माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या, पदर खोचला, आणि आम्ही गावोगाव फिरलो. एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, आमचा टेकचंद गुडघाभर चिखलात, हातात पऱ्ह्याची पेंढी घेऊन उभा होता. आम्हाला पाहून तो इतका गडबडला की पेंढीसकट नमस्कार करू लागला. मी बूट हातात धरून धुऱ्याच्या बांधावर उभा होतो. मॅडमनी साडी वर खोचली आणि सरळ चिखलात उतरल्या.

"तुही चिठ्ठी कोरी असते का रे?"

"होय मॅडम."

"काऊन? काईच नाई आठवत का?"

"आठवते ना. या बांधीतलं पानी त्या बांधीत सोडतानी भूगोलाच्या सरनं सांगतलेला उतार आठवते. पन थे लिहाचं रायते का? बांधीतलं कॉलेजात कोन सांगते? हासतीन लोकं."

मॅडमनी माझ्याकडे बोट केले. मग म्हणाल्या, "आन या सरचा विषय?"

टेकचंदने माझ्याकडे पाहिले, मग खाली चिखलाकडे. भला मुलगा होता, मला दुखवायचे नव्हते. "सरचा विषय..." तो म्हणाला, "पास होऊन जाईन मॅडम."

बाजूच्या बांधीत त्याची आई आणि काकू रोवत होत्या. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो, दुसरे करणार काय. कोऱ्या चिठ्ठीला शून्य धरायचे की नाही, हा वाद टेकचंदने माझ्यापुरता मिटवला होता. परतीच्या वाटेवर मॅडम मागून म्हणाल्या, "सर, कोरं दोन तऱ्हेचं निघालं. एक आठवलंच नाही म्हणून कोरं, आणि एक सांगायची लाज वाटली म्हणून कोरं. ही लाज मोजायला तुमच्या शास्त्रात काही आहे का?" मी नाही म्हणालो.

आता प्राचार्यांबद्दल थोडे. तेही माणूस म्हणून वाईट नव्हते, कॉलेजच्या भल्यासाठीच धडपडत होते. ते गोंदिया शहरातले, त्यामुळे निम्मे हिंदीत बोलत. मॅडमनी चिठ्ठ्यांचे सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, इतका बढिया रिझल्ट आला. दीवार पे टांगून झाला. आता कायले खोदून राहिल्या?" त्यांचे म्हणणे मला पटत होते, आणि त्यामागे माझे पोट होते. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची नेमणूक दर सत्राला नव्याने होते. विषय निवडायची मुभा मुलांना होती. संख्याशास्त्र कोणालाच कुठेच उपयोगी पडत नाही, हे समितीसमोर आले असते तर पुढच्या सत्रात माझा वर्ग भरला नसता आणि मला घरी बसावे लागले असते. घरी आई, बायको आणि नुकतीच चालायला लागलेली मुलगी. मॅडमना हे सगळे माहीत होते. समिती येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावले, चहा करून दिला आणि म्हणाल्या, "उद्या मी फक्त माझ्या विषयाचं सांगणार आहे. तुमचं मी सांगणार नाही. ते ताट तुमचं आहे."

समितीपुढे मॅडम त्या रंगीत तक्त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांचे बोलणे मी जसे ऐकले तसे लिहितो. "हा तक्ता खोटा नाही. पण हा आमच्या मुलांच्या सभ्यपणाचा तक्ता आहे. त्यांनी आमचं मन राखलं आहे. जोडून शिकण्याबद्दल त्यांना काय वाटतं, ते यात नाही." मग त्यांनी एका चिठ्ठीतली ओळ वाचून दाखवली. कोणा मुलीने लिहिले होते, पोषणाचा तास घरी आठवते, पन सांगत नाई, आईच्या भाजीले नाव ठेवल्यावानी होते. मॅडमनी चिठ्ठी खाली ठेवली. "मी इतकी वर्षं जे शिकवलं, ते माझ्या मुली उंबऱ्याबाहेर ठेवून घरात जातात. मला याची लाज वाटते," त्या म्हणाल्या. एवढ्या भरल्या सभेत, प्राचार्य, संस्थेचे पदाधिकारी आणि बाहेरचे विद्वान बसलेले असताना कोणा शिक्षकाने असे म्हटल्याचे मी तोवर ऐकले नव्हते, नंतरही ऐकले नाही.

समितीतल्या एका सदस्यांनी विचारले, "आणि बाकीचे विषय?" मॅडम म्हणाल्या, "ते ज्याचे त्यानं सांगावं." आणि त्या खाली बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

मी उठलो. उठून सांगितले की संख्याशास्त्र कोणालाच कुठे आठवले नाही, शेतात जाऊन विचारले तरी नाही. एवढेच बोललो आणि बसलो. यात माझा मोठेपणा काही नव्हता. वडीलधाऱ्या बाईंनी स्वतःचे ताट सगळ्यांपुढे उघडे केल्यावर मला माझे झाकून बसवेना, इतकेच. पण पुढे जे झाले, त्याने मी आजपर्यंत ओशाळलेला आहे. समितीच्या अध्यक्षांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "असा प्रांजळपणा दुर्मीळ असतो." समितीच्या अहवालात संख्याशास्त्राच्या शिक्षकांच्या प्रांजळपणाचे कौतुक आले. मॅडमच्या नावाचा उल्लेख नव्हता. त्यांनी विभागाची त्रुटी सांगितली, अशी नोंद तेवढी होती. चहाच्या वेळी लोक माझा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते, आणि पलीकडे मॅडम नेहमीप्रमाणे पाहुण्यांना नाश्ता मिळाला की नाही ते पाहत होत्या. काही दिवसांनी मेसची देखरेख त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. कारण कोणी सांगितले नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. अजूनही कुठे गेलो की माझी ओळख "ते प्रामाणिक सर" अशी करून दिली जाते. दर वेळी मी खाली पाहतो.

कौतुक झाले, पण वर्ग भरला नाही तो नाहीच. पुढच्या सत्रात संख्याशास्त्र घ्यायला मोजकी मुले आली आणि मी गोंदियाला मेहुण्याच्या दुकानात बसायची मनाची तयारी केली. तेव्हा मॅडम प्राचार्यांकडे गेल्या. आपला एक तास आणि माझा एक तास एकत्र करून जोडतास घ्यायची परवानगी त्यांनी मागितली. मुलांनी मेसमधली ताटे पाहायची, उरलेले तोलायचे आणि त्यावर आकडेमोड शिकायची. "जोडून शिकणं पोरांना विचारतो, आपण कधी जोडून शिकवलं?" असे त्यांनी प्राचार्यांना विचारले. आपण तिथेच परवानगी दिली, असे प्राचार्यांनीच मला पुढे हसत सांगितले. माझी नेमणूक टिकली ती त्या तासावर. म्हणजे माझ्या घरची चूल मॅडमच्या तासावर चालली, असे म्हटले तरी चालेल.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. माझ्या स्वतंत्र तासालाही त्या मागच्या बाकावर येऊन बसू लागल्या. वही-पेन घेऊन, मुलींच्या शेजारी. एकदा मी प्रमाण विचलन शिकवत असताना त्यांनी हात वर केला. "सर, हे कुठं लागतं?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणालो, "परीक्षेत, मॅडम." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी पुढे विचारले, "आणि परीक्षा झाल्यावर?" मी पुन्हा फळ्याकडे वळलो. त्या तासांना येत राहिल्या, विचारत राहिल्या, आणि हळूहळू मुलेही विचारू लागली. मॅडम विचारतात, तर आपणही विचारले म्हणून काही बिघडत नाही, असे त्यांना वाटू लागले असावे.

आणि मग एक दिवस जोडतासात मी सांगत होतो की मेसमधल्या उष्ट्याची सरासरी पाहिली तर फारसे काही उरत नाही असे दिसते, पण प्रत्यक्षात एखादे ताट जवळजवळ भरलेलेच परत येते. भूमेश्वरी बसल्या जागेवरून म्हणाली, "म्हंजे सर, सरासरीबी पाहुन्यावानीच झाली. थे बी छानच मनते." वर्ग खदखदून हसला. इतकी वर्षे सरासरी शिकवत होतो, स्वतः तो रंगीत तक्ता टांगला होता, आणि सरासरीबद्दलची ही गोष्ट मला त्या मुलीने सांगेपर्यंत अशी दिसली नव्हती. मागच्या बाकावर मॅडमनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि वहीत काहीतरी लिहिले. त्या शनिवारी डब्यात संख्याशास्त्राचे नाव असलेली पहिली चिठ्ठी निघाली.

मॅडमच्या मायेच्या गोष्टी सांगायच्या तर प्रत्येकाकडे एकेक निघेल. माझी मुलगी आजारी होती तेव्हा त्या एसटीने गोंदियाला आमच्या घरी आल्या आणि माझ्या आईला पेज कशी पातळ ठेवायची ते न सांगता, स्वतः करून दाखवून गेल्या. मागच्या उन्हाळ्यात भूमेश्वरीचे लग्न झाले. आम्ही दोघे सालेकशाकडे तिच्या गावी गेलो होतो. मांडवात पंगत बसली. माझे जेवण नेहमीसारखे सगळ्यांच्या मागे राहिले. दुसरी पंगत उभी होती, वाढपी घुटमळत होते, माझ्या शेजारचे पाहुणे खाकरत होते. मी अर्धे टाकून उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात मॅडमनी वाढप्याला हाक मारली, "मले थोडासा भात दे गा," आणि चिमूटभर भात घेऊन त्या पुन्हा जेवू लागल्या. मोठ्या बाई जेवताहेत म्हटल्यावर पंगत थांबली. माझे होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग पाणी पिऊन उठल्या. मी आभार मानले नाहीत.

या ग्रंथासाठी मी पहिला लेख लिहिला होता तो असा नव्हता. मॅडमचे कार्य, मॅडमची मूल्ये, मॅडमचा व्यासंग, मॅडमची माया, सगळे जागच्या जागी होते. छापायला देण्याआधी त्यांना दाखवावा म्हणून गेलो. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद माझ्या हातात परत दिले. "सर, हा तर तक्ता झाला. सगळीकडं पूर्णपणे सहमत. असं लिहू नका. ताटात काय उरलं ते लिहा." मी म्हटले, गौरवग्रंथात असे कोणी लिहीत नाही, मॅडम. त्या म्हणाल्या, "मग माझं माप कसं होणार?" तो लेख मी फाडला.

तेव्हा काय उरले ते लिहितो. मॅडम इतकी वर्षे माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या, मी त्यांच्या वर्गात एकदाही जाऊन बसलो नाही. त्यांच्याच काय, कोणाच्याच नाही. वेळ नव्हता असे नाही, लाज वाटत होती, आणि टेकचंदच्या लाजेपेक्षा ती वेगळी नव्हती. विद्यार्थ्याला प्रश्न विचारताना "छान" ऐकायची माझी सवय अजून गेलेली नाही. समितीच्या अहवालातले ते कौतुक खरे कोणाचे, हे मी प्राचार्यांच्या दालनात जाऊन आजवर सांगितले नाही, ते इथे छापून येत आहे. आणि तो जोडतास. मॅडमची जागा लवकर भरली जाईल असे दिसत नाही. प्राचार्य म्हणतात, तुम्ही एकटे घ्या, शनिवारच्या चिठ्ठ्या आता पुरे झाल्या. मी हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. मुले मागच्या बाकाकडे वळून पाहतील आणि तिथे कोणी नसेल. मॅडमनी मला जे वाढले, ते वाया जाऊ नये, एवढीच धडपड आता आहे, आणि ती पुरेल याची मला खात्री नाही. चिठ्ठ्या मात्र मी बंद करणार नाही. निदान एवढे तरी प्राचार्यांना सांगायला सोमवारी जाणार आहे.

अशा लेखाच्या शेवटी उत्सवमूर्तींना निरोगी आणि दीर्घ आयुष्य चिंतायचे असते. मीही चिंततो, अगदी मनापासून, पण त्यात माझा स्वार्थ आहे हे लपवत नाही. सत्कार होईल, हार पडतील, लोक उठतील. माझे ताट अजून निम्मे भरलेले आहे, त्यात तोंडलीच अधिक आहेत, आणि मी सावकाश जेवणारा माणूस आहे. मॅडम, चिमूटभर भात घ्या आणि बसा.